पिंपळाची मुंज आणि अक्काचे ऊन

माझी थोरली बहीण उन्हावर जगत असे. कुरडया, फेण्या, सांडगे, सालपापड्या, आमसुले आणि ताकातल्या मिरच्या हा तिचा धंदा होता, आणि भांडवल म्हणाल तर घरामागचे एक सारवलेले अंगण. मेहुणे गेले तेव्हा त्यांच्यामागे राहिले ते हे घर, हे अंगण, आणि दिरांचा असा सल्ला की घर विकून आमच्याकडे येऊन राहा. अक्काने सल्ला शांतपणे ऐकून घेतला आणि माघ लागताच अंगण सारवायला घेतले. मुंबईला नोकरीवर जाणारे आमचे ठाण्याचे कारकून तिची पुडकी घेऊन जात आणि तिकडच्या घरांत पोचवीत. दिरांनी पुन्हा कधी सल्ला दिला नाही. फेण्या मात्र नेल्या.

टेंभी नाक्याहून स्टेशनाकडे उतरताना डाव्या हाताच्या बोळात हे घर. तोंड पूर्वेला, अंगण पश्चिमेला. सकाळी अंगणावर घराचीच सावली असे. ती मागे सरली की ऊन येई ते मावळतीपर्यंत हलत नसे. कारण अंगणाच्या कुंपणापलीकडे नुसते रान होते: भोकराची झाडोरी, दगडांचे ढीग, आणि रान संपून रस्ता लागे तिथे एक थोराड पिंपळ. माघापासून वैशाखापर्यंत त्या अंगणात जे वाळे त्यावर अक्काचे पुढचे आठ महिने निघत.

ते रान कल्याणच्या एका कंत्राटदारांनी विकत घेतले. रेल्वेच्या कामांना दगड आणि चुना पुरवून ते वर आले होते. माणूस सरळ, आवाज मोठा, अंगरख्याला चुन्याचा वास. त्यांनी तिथे दुमजली चाळ बांधायचे ठरवले, वर आठ खोल्या आणि खाली आठ. आमच्या म्युनिसिपल कमिटीकडे त्यांचा नकाशा आला तेव्हा मी नुकताच कमिटीत निवडून आलो होतो. निवडणूक ही वस्तू गावात नवी होती. सरकारने नेमलेल्या सभासदांना वाटे आपण सरकारच्या मर्जीतले, आम्हा निवडलेल्यांना वाटे आपण लोकांच्या मर्जीतले, आणि गटारे दोन्ही पक्षांना सारखीच वागवीत.

चाळीची गरज नव्हती असे मी म्हणणार नाही. मुंबईचे भाडे न परवडणारी बिऱ्हाडे ठाण्यात उतरत होती आणि गावात खोली मिळत नव्हती. माझ्या एका अशिलाच्या घरी एका खोलीत दोन बिऱ्हाडे होती. मध्ये लुगड्याचा पडदा. अलीकडच्या बाईने फोडणी दिली की पलीकडचा गृहस्थ शिंकत असे. तेव्हा सोळा खोल्या म्हणजे सोळा पडदे कमी, हे मला कळत होते. पण अक्काचे अंगणही कळत होते. कुंपणापासून थोडे अंतर सोडून दुमजली भिंत उभी राहिली की दुपार कलल्यावर अंगणात सावली. फेणी उन्हातून मध्येच उठवली की तिला वास येतो, आणि वास आलेली फेणी मुंबईची बाई दुसऱ्यांदा मागवत नाही.

अक्काने अर्ज केला. माझ्या बहिणीचा अर्ज म्हणून मी मत द्यायचे नाही असे ठरवले. बोललो मात्र सगळ्यांपेक्षा जास्त.

आमचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते. रावबहादूर ही पदवी त्यांना मिळाली होती आणि ती हरवेल या काळजीने ते ती रोज वापरीत. सभेला ते लाल पगडी आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन येत. काठी टेबलावर आडवी ठेवली की सभा सुरू, उभी केली की बरखास्त. मध्ये काय झाले ते चिटणीस लिहून घेत.

"अर्जदार बाई म्हणतात त्यांचं ऊन जाईल," रावबहादुरांनी अर्ज चष्म्याजवळ धरला. "वकील, उन्हाबद्दल कायद्यात काही आहे?"

"प्रकाश आणि हवा यांबद्दल आहे. फेण्यांबद्दल नाही," मी म्हणालो.

"मग ऊन आहे कोणाच्या मालकीचं?"

कोपऱ्यात बसलेले वैद्यबुवा नेमलेल्या सभासदांपैकी. सभेत ते सहसा डोळे मिटून असत. ते म्हणाले, "सूर्यनारायणाच्या."

"मग त्यांचा अर्ज येऊ द्या," रावबहादूर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. सभेत न हसणाऱ्याचा मुद्दा कधी पास होत नाही.

उन्हाने काम होत नाही असे दिसल्यावर मी पिंपळाकडे वळलो. रस्त्याच्या कडेचे झाड कमिटीच्या परवानगीवाचून तोडू नये असा आमचा एक नियम होता. तो कोणी केला आणि का केला, हे कोणालाच आठवत नव्हते, म्हणून तो अजून रद्द झाला नव्हता. नकाशात चाळीचे तोंड रस्त्याला लागून होते, म्हणजे बरोबर पिंपळाच्या जागी. झाड राहिले तर चाळ बसत नाही, असा माझा हिशेब. घरी येऊन अक्काला तसे सांगितले.

"म्हणजे मी त्या पिंपळाच्या आडून भांडायचं?" ती म्हणाली.

"कायद्यात तुझ्यापेक्षा त्याला जास्त किंमत आहे."

"ते मला हे गेले तेव्हाच कळलं," अक्का म्हणाली, आणि पीठ चाळू लागली.

कमिटीने झाडाची पाहणी करायचे ठरवले. कचेरीपासून पिंपळापर्यंत चालत जाताना पानाचा एक विडाही पुरा संपत नाही. पण पाहणी सरकारी म्हणून दोन दमण्या आल्या, पुढे पट्टेवाला, मागे छत्री धरणारा. बैलांना काही कळेना. चालायला लागतात न लागतात तोच उतरा म्हणतात. रावबहादुरांनी पिंपळाभोवती अर्धी फेरी मारली, अर्धी गटारामुळे राहिली. काठीने खोडावर दोनदा ठोकले आणि म्हणाले, "जुना आहे." हे चिटणिसांनी लिहून घेतले.

कंत्राटदार हात जोडून बाजूला उभे होते. त्यांनी नकाशाचा दर्शनी भाग पुढे केला: कमानी, कमानींवर वेलबुट्टी. रावबहादूर खुलले. चाळीच्या तोंडावर एक मनोरा असावा अशी सूचना त्यांनी तिथेच केली. इमारतीची मागची बाजू त्यांनी कधी पाहिली नाही, कारण मागच्या बाजूने साहेबलोकांची गाडी जात नसे. परतताना दमणीतली कुजबुज ऐकून मला कळून चुकले की मते झाड तोडण्याकडे झुकली आहेत. मनोऱ्यापुढे पिंपळाचा काय पाड.

मग अक्काने काम स्वतःच्या हातात घेतले.

कंत्राटदारांची बायको जागा पाहायला कल्याणहून आली होती. ऊन मी म्हणत होते. अक्काने कुंपणावरून हाक मारून तिला ताक दिले. ताक पिता पिता बाईने सगळे सांगितले. सगळे म्हणजे एकच: लग्नाला पुष्कळ वर्षे झाली, पोटी मूल नाही. नवस झाले, वाऱ्या झाल्या, नरसोबाच्या वाडीलाही जाऊन आली. अक्का म्हणाली, "पिंपळाची मुंज केलीत का कधी?"

हा विधी आमच्याकडे नवा नाही. अपत्य नसलेली जोडपी पिंपळाला मुलगा मानून त्याची मुंज लावतात. त्याला जानवे घालतात, मेखला बांधतात, आईबाप म्हणून आपण शेजारी बसतात. पुण्य मुलाच्या मुंजीइतकेच. आणि मुंज झालेल्या पिंपळाला मग कोणी कुऱ्हाड लावीत नाही. तो आता बटू झाला, त्याला तोडणे म्हणजे काय ते सांगायला नको.

संध्याकाळी अक्काने मला हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "अक्का, तू हे त्या बाईच्या भल्यासाठी सांगितलंस, का तुझ्या अंगणासाठी?"

"पोथीत आहे ते सांगितलं. खरं आणि सोयीचं एकच निघालं तर त्यात माझा काय दोष?"

"आणि कंत्राटदार ऐकतील?"

"ते कशाला ऐकतात. त्यांना ती ऐकवील."

फाल्गुनात मुंज झाली. कंत्राटदारांनी हात आखडला नाही. मांडव, सनई, ताशा, कल्याणहून आलेले सोयरे, सगळे काही. भटजींनी आधी बटूचे वय विचारले. कोणाला सांगता येईना. वैद्यबुवा म्हणाले, आपल्या आजोबांनाही हा एवढाच आठवत होता. तेव्हा मुंजीचा काळ उलटून गेला म्हणून प्रायश्चित्त आले, त्याची दक्षिणा आली. गोत्र बापाचे. गायत्रीचा उपदेश कानात द्यायचा असतो. भटजींनी खोडाची एक ढोली पाहून तिला तोंड लावले आणि उपरणे वर घेऊन मंत्र सांगितला. आतून दोन साळुंक्या उडाल्या. मातृभोजनाला कंत्राटदारांची बायको पानावर बसली, एक घास आपण घेतला, एक मुळाशी ठेवला. ती रडत होती. ते पाहून माझ्या मनात जी दोनचार चटकदार वाक्ये जमली होती ती मी तिथेच टाकून दिली.

अक्का मांडवात नव्हती. विधवेने अशा कार्यात पुढे यायचे नसते. जिने ही मुंज ठरवली ती आपल्या कुंपणाआड, वाळवणावर कावळे हाकायची काठी हातात घेऊन उभी होती. मंगलाष्टकांच्या वेळी कोणीतरी तिच्याही हातात अक्षता द्यायला गेले, ती म्हणाली, "माझे हात पिठाचे आहेत."

पुढच्या सभेत कंत्राटदार स्वतः आले आणि झाड तोडायची परवानगी नको म्हणाले. रावबहादुरांनी कारण विचारले. "पोराला कोण तोडतं, साहेब?" कंत्राटदार म्हणाले.

मग आम्ही वृक्षरक्षणाचा ठराव केला. काय भाषणे झाली त्या दिवशी! ज्या सभासदाने पाहणीच्या दिवशी फांद्या लोकांच्या डोक्यावर पडतील म्हटले होते, त्याने अश्वत्थाचे माहात्म्य गीतेपासून सांगितले. रावबहादूर म्हणाले की या कमिटीने नेहमीच वृक्षांचा प्रतिपाळ केला आहे. वैद्यबुवांनी डोळे उघडले, चहूकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. मी घरी जाताना अक्काकडे वाट वाकडी केली आणि काम फत्ते म्हणून सांगितले. तिने मला गरम कुरडई तळून दिली.

आमची चूक झाली ती इथे. झाड वाचले की चाळ मरते असे आम्ही दोघे धरून चाललो होतो. चाळ मरत नसते. ती सरकते, आणि सरकायला जागा नसली तर वर चढते.

सुधारलेला नकाशा चैत्रात आला. पिंपळाला पार हवा, पाराभोवती प्रदक्षिणेला वाट हवी, म्हणून इमारत रस्त्यापासून मागे घेतली होती. इतकी मागे, की अक्काच्या कुंपणात आणि मागच्या भिंतीत भंग्याच्या गल्लीपुरती जागा उरली होती. जमीन कमी पडली तशा खोल्या कमी होतील असे मला वाटले होते. कंत्राटदारांनी खोल्या सोळाच ठेवल्या होत्या. फक्त दोन मजल्यांचे तीन केले होते.

"तीन मजले," रावबहादूर म्हणाले. नकाशा त्यांनी हातभर लांब धरला, जसे लोक नातवाला धरतात. "ठाण्यात खासगी तीन मजली चाळ नाही अजून."

मी उठलो. मागच्या घरांच्या उजेडाबद्दल बोललो, एवढ्या दाटीत हवा कशी खेळेल ते बोललो, सांडपाण्याबद्दल बोललो. ऐकून घेतले सगळ्यांनी.

"पण वकील," गीता सांगणारे सभासद म्हणाले, "झाड वाचवा म्हणून तुम्हीच आमच्या मागं लागला होता. त्यांनी वाचवलं. आता त्यांनी जायचं कुठं? खाली पाताळ आहे."

"माझा मुलगा आहे तो, वकीलसाहेब," कंत्राटदार मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हीच अडचण होती. "त्याला अंगण द्यायलाच हवं."

ठराव एकमताने पास झाला. मी मत देत नसल्यामुळे एकमताला धक्का लागला नाही. काठी उभी राहिली.

अक्का अंगणात बसून आमसुलांना रसाचा दुसरा हात देत होती. मी नकाशा तोंडी सांगितला. ती उठली, कुंपणापाशी गेली, आणि भिंत येणार होती त्या जागेकडे मान वर करून पाहत राहिली, जणू ती आत्ताच उभी आहे.

"म्हणजे त्याच्या वाटणीची कुऱ्हाड माझ्याकडे आली," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली.

"दुपारी किती राहील?"

"सकाळी तुझ्या घराची सावली, दुपारी त्यांची. मधलं थोडं राहील."

"मधल्यात मिरच्यासुद्धा वाळत नाहीत." ती परत येऊन बसली. तिने दोनचार आमसुले उलटली. मग विचारले, "वर काय घालणार आहेत? कौलं?"

"मंगळुरी कौलं. नकाशात तसं आहे."

"माझं ऊन मग जाणार कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"अरे, सूर्य काही ते ऊन परत नेत नाही. अंगणात पडलं नाही तर कुठंतरी पडणारच की."

"त्यांच्या कौलांवर पडेल."

"कौलांना काय करायचंय ऊन," अक्का म्हणाली.

त्यानंतर आठवडाभरात कंत्राटदारांची बायको आपल्या मुलाला पाणी घालायला आली. ती आता वारंवार येऊ लागली होती. पाणी घालून ती अक्काकडे ताकाला थांबली आणि म्हणाली, "तुमच्यामुळं मला मुलगा मिळाला. मुंजीत तुम्हाला साधं लुगडंसुद्धा देता आलं नाही. काय देऊ ते सांगा."

अक्का म्हणाली, "गच्ची."

कंत्राटदारांना हे मुळीच पसंत नव्हते. चुन्याची गच्ची ठाण्याच्या पावसात गळते, कौले गळत नाहीत, हे त्यांना स्वतःच्या धंद्यामुळे चांगले माहीत होते. ते माझ्याकडे आले. "वकीलसाहेब, तुमच्या बहिणीला समजवा."

"तुम्ही तुमच्या घरात समजवून पाहिलंत?"

त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले. "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

तिसरा नकाशा आला. मागच्या अर्ध्या भागावर गच्ची, आणि तिच्यावर मागच्या गल्लीतून जाणारा स्वतंत्र जिना. हा जिना कोणासाठी असे कोणी विचारले असते तर काय सांगायचे, हे मी ठरवून गेलो होतो. कोणी विचारले नाही. रावबहादूर म्हणाले, गच्चीवरून खाडी दिसेल. राणीसरकारच्या वाढदिवसाला तिथे पणत्या लावता येतील. चिटणिसांनी लिहिले, 'गच्ची शोभेकरिता मंजूर.' जी गोष्ट पोटाकरिता तीन सभांत मिळाली नव्हती ती शोभेकरिता एका क्षणात मिळाली. मनोऱ्याचा विषय पुन्हा निघाला, पण कंत्राटदार म्हणाले मनोऱ्याची सावली मुलावर पडेल, आणि तो तिथेच राहिला.

चाळ उभी राहिली, भरलीही लगेच. माझे लुगड्याच्या पडद्यावाले अशील दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. त्यांच्या मागच्या खिडकीतून अक्काच्या न्हाणीचे छप्पर दिसे, म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी ती कायमची लावून टाकली. अक्काच्या माजघरात दुपारी दिवा लागू लागला. अंगणाला शेवाळ धरले. दोन वर्षे तिने ते खरवडले, तिसऱ्या वर्षी तिथे अळू लावले. अळूला ऊन लागत नाही. ते असे माजले की सगळी चाळ फदफदे खाऊ लागली.

वाळवण वर गेले. पाटावर पसरलेल्या फेण्या डोक्यावर घेऊन तीन मजले चढायचे, कावळे हाकत बसायचे, उन्हे उतरली की पुन्हा खाली आणायचे. चाळीतल्या बायकांनीही आपापली वाळवणे वर आणली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवर भांडणे लागली. मग अक्काने एका सकाळी गेरूने सबंध गच्ची आखली. दारापासची मोठी पट्टी तिची, बाकी एकेका बिऱ्हाडाला एकेक. पापड कुठे, मिरच्या वाऱ्याच्या कोणत्या अंगाला, धुतलेल्या गोधड्या कुठे मुळीच नाहीत. तक्रार आली की ती तिथल्या तिथे निकालात निघे. पाहणी करायची तर ती पायीच करी. असे काम चालते हे पाहायला आमच्या कमिटीला एकदा वर न्यावे असे माझ्या मनात होते, पण जिना अरुंद होता आणि दमण्या चढल्या नसत्या.

मी एकदा दुपारी वर गेलो. अक्का डोक्यावर ओला पंचा घेऊन पायांशी काठी ठेवून बसली होती. कोपरीकडे मिठागरे दिसत होती, पांढरे ढीग उन्हात चमकत होते. खाली पिंपळ वाऱ्यावर सळसळत होता. त्याची एक फांदी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला येऊन टेकली होती, आणि तिथल्या भाडेकरूने ती छाटायची परवानगी मागितल्यावर कंत्राटदारांनी त्याला खोली सोडायला सांगितले होते.

मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"खालचं ऊन बरं होतं," ती म्हणाली. "त्याला जिना नव्हता."

मी सांगितले की चाळीचे भाडे चांगले येते आहे, आणि कंत्राटदार गच्चीच्या जागी आणखी खोल्या घालायच्या विचारात आहेत अशी कुणकुण आहे. अर्ज अजून आलेला नाही.

तिने काठी उचलली, फेण्यांकडे चालत येणाऱ्या कावळ्याला दाखवली, आणि पुन्हा ठेवली.

"आला की आधी मला सांग."

"काय करशील? मुंज तर होऊन गेली."

अक्काने कठड्यावरून पिंपळाकडे पाहिले. "मुंजच झाली आहे ना," ती म्हणाली. "लग्न व्हायचं आहे अजून. तुळस वाढवायला लागेल कुठंतरी, आणि तुळशीला भरपूर ऊन लागतं."